शर्टवाली मनकर्णाबाई

अंजनगाव सुर्जीच्या भाजीबाजारात मनकर्णाबाईला शोधायचं असेल तर नुसतं नाव विचारू नका. त्या नावाच्या तिथं तिघीजणी बसतात, आणि तिघींचं एकमेकींशी पटत नाही, त्यामुळे तुम्हाला भलतीकडेच पाठवलं जाण्याची शक्यता फार. "शर्टवाली कुठं बसते?" असं विचारा. मग अद्रक विकणारा म्हातारासुद्धा मान वर न करता हातानं दिशा दाखवतो.

एकदा दिसली की मग चूक होत नाही. पाचवारी साडी, आणि साडीवर पूर्ण बाह्यांचा, कॉलरचा, छातीवर दोन खिसे असलेला शर्ट. बाह्या मनगटापासून बरोबर दोन घड्या वर. तीन घड्या घातल्या की माणूस मारामारीला निघाल्यासारखं दिसतं, असं तिचं मत आहे. एका खिशात मोबाइल, दुसऱ्यात चष्मा आणि चिल्लर. डोक्याला उन्हासाठी पांढरा दुपट्टा. जगातल्या बायका साडी आधी ठरवतात आणि मग तिच्यावर काय जुळतं ते बघतात. मनकर्णाबाई सकाळी आधी शर्ट काढते. जांभळा शर्ट असेल तर साडी फिकट पिवळी, चौकड्यांचा असेल तर साडी बिनफुलांची. वांग्यांच्या ढिगामागं ती अशी बसते की येणारं गिऱ्हाईक भाव करायच्या आधी जरा सावरून उभं राहतं.

आता वऱ्हाडात बाईच्या अंगात शर्ट ही काही नवलाची गोष्ट नाही. कापूस वेचायच्या दिवसांत कुठल्याही शेतात बघा, बायकांची रांगच्या रांग शर्ट घालून पऱ्हाटीत वाकलेली असते. बोंडांची टोकं हात ओरबाडतात, ऊन पाठ भाजतं, म्हणून साडीवर शर्ट. पण तो शर्ट नवऱ्याचा असतो. नवऱ्याच्या अंगावरून उतरलेला, कोपरावर विरलेला, दोन बटणं गेलेला. काम झालं की बाई तो काढून गुंडाळते आणि बांधावरच्या झाडाला अडकवून ठेवते. तो घालून गावात यायचं नसतं. असा कुठं नियम लिहिलेला नाही, पण तो मोडलेला कोणी पाहिलाही नव्हता.

मनकर्णाबाईनंही अठ्ठावीस वर्षं शालिकरामचे उतरलेले शर्ट घातले. शालिकराम तिचा नवरा. माणूस गरीब स्वभावाचा, पण खिशात उघडं पेन ठेवायची खोड. त्यामुळे त्याच्या प्रत्येक शर्टाच्या छातीवर शाईचा एक डाग असायचा, आणि तो डाग पुढं बायकोच्या छातीवर यायचा. पाच वर्षांपूर्वी त्यांची मुलगी करिश्मा सुट्टीत घरी आली होती. तिनं शेतात आईचा फोटो काढला आणि मोबाइल तिच्यापुढं धरला. मनकर्णाबाईनं चष्मा लावून फोटो जवळ घेतला, लांब नेला, पुन्हा जवळ घेतला.

"ह्याच्यात मी कुठी आहो?" तिनं विचारलं.

"हे काय आई, मधोमध तूच तर आहे."

"मले तं हे तुह्या बापाचं बुजगावनं वाटून राहिलं."

करिश्मा पोट धरधरून हसली. मनकर्णाबाई हसली नाही. दुसऱ्या दिवशी बाजार उरकल्यावर ती गोपाल शिंप्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

"काकू, मी जेन्स टेलर आहो," गोपाल म्हणाला. "ब्लाउजवाला पलीकडच्या गल्लीत."

"ब्लाउज नाई शिवाचा. शर्ट शिवाचा हाये."

"शालिकभाऊचा? मंग त्याइचा एखादा जुना शर्ट आनून द्या मापाले."

"त्याइचं माप त्याइले. शर्ट माहा हाये, माप माहं घे."

गोपालच्या हातातली टेप तशीच लोंबत राहिली. त्याच्या दुकानात "एक नूर आदमी, दस नूर कपडा" अशी मोठी पाटी लावलेली आहे, पण पाटीत आदमीच आहे, बाई नाही. शेवटी त्यानं मागच्या घरातून बायकोला हाक मारली. बायकोनं माप घेतलं आणि गोपाल भिंतीकडं तोंड करून वहीत आकडे लिहीत राहिला. छाती सैल, पदर आत मावला पाहिजे. कॉलर लहान, दोन खिसे, आणि खिशांना झाकण नको, हात पटकन गेला पाहिजे. बटणं बायकांसारखी डावीकडं का पुरुषांसारखी उजवीकडं, असं त्यानं भिंतीलाच विचारलं.

"ज्या बाजूनं लवकर लागतात त्या बाजूनं लाव, बापा," मनकर्णाबाई म्हणाली.

पहिला शर्ट निळा होता. तो ती शेतात घालून गेली, आणि संध्याकाळी झाडाला अडकवायला हात वर केला तर हातच होईना. नवाकोरा शर्ट, स्वतःच्या मापाचा, पाखरांनी घाण करावी म्हणून कोणी टांगून ठेवतं का? ती तशीच गावात आली. दुसऱ्या दिवशी तशीच बाजारात गेली. बाजारानं मग जे करायचं ते केलं. कोणी "इन्स्पेक्टर आली, पळा बे" म्हणून ओरडलं, कोणी "कलेक्टरबाई, सांबाराची जुडी कशी?" विचारलं. हसतील त्यांचे दात दिसतील, असं म्हणून तिनं त्याच सांबारावर, म्हणजे कोथिंबिरीवर, पाणी शिंपडलं. जो जास्त हसला त्याला मात्र तिनं शेजारी बसवून पालकाच्या जुड्या बांधायला लावल्या. महिनाभरात हसणारे दमले. वर्षभरात चार शर्ट झाले.

शर्टानं तिला हिंमत दिली, असं बाजारातले काही शहाणे सांगतात. साफ खोटं. हिंमत तिच्यात आधीपासून होती. हर्रासात, म्हणजे लिलावात, व्यापाऱ्यानं मालाचा भाव पाडून मागितला की टोपली उचलून घरी नेणारी बाई ती. फक्त आतली बाई आणि बाहेरची बाई पहिल्यांदाच एकसारखी दिसायला लागली, एवढंच झालं. ती स्वतःही आरशात बघून खूश व्हायची आणि ते लपवायची नाही. "आज मी लय छान दिसून राहिली," असं ती शालिकरामला सकाळी सकाळी सांगायची, आणि तो बिचारा "हो ना," म्हणून चहा प्यायचा.

हे सगळं सुखानं चाललं होतं, तोवर देवानंदची सोयरीक आली.

देवानंद तिचा मुलगा, करिश्माचा मोठा भाऊ, वय तीस. शेतात ठिबकच्या नळ्या बसवून द्यायचं काम करतो आणि घरची दोन एकर भाजीची शेती बघतो. मेहनती, निर्व्यसनी, दिसायला बरा. पण "पोरगा काय करते?" "शेती," इथपर्यंत बोलणं आलं की मुलीकडचे चहाचा कप खाली ठेवायचे. अशा चार सोयरिकी गेल्या होत्या. पाचवी हिवरखेडची आली. मुलगी पायल, अकोटच्या एका मेडिकल दुकानात कामाला. दसऱ्याच्या तोंडावर मुलगी बघायला शालिकराम, देवानंद आणि शालिकरामचे थोरले भाऊ खुशालराव गेले. झेंडू तोडणीला आला होता, म्हणून मनकर्णाबाई मागं राहिली. देवानंद आला तो शीळ वाजवतच. त्या दिवसापासून तो रात्रीचं जेवण झालं की मोबाइल घेऊन गच्चीवर जायला लागला. मनकर्णाबाईनं काही विचारलं नाही. पण इतकी वर्षं चूप चूप असलेलं आपलं पोरगं शीळ वाजवतं आहे, हे ऐकून तिला इतका आनंद झाला, की त्या आठवड्यात गिऱ्हाइकांना मिरच्या फुकट मिळाल्या.

दिवाळी झाल्यावर मुलीकडच्यांचा निरोप आला. घर बघायला येतो.

आणि चार दिवस आधी खुशालराव आले. गावातल्या कुठल्याही सोयरिकीत पुढंपुढं करणारा हा माणूस. स्वतःच्या मुलीचं लग्न मात्र मुलीनंच ठरवलं होतं. दोरीवर वाळत असलेल्या जांभळ्या शर्टाकडं त्यांनी बोट केलं.

"हे सगळं पेटीत टाक. चार दिवस दोरीवरही दिसाले नाई पायजे."

"काहून, भाऊजी?"

"काहून काय वो? त्या लोकाइनं पाह्यलं तं म्हनतील, सासूच अशी तं घर कसं? पोरगा तिसाचा झाला. हे बी सोयरीक गेली तं तुह्या शर्टानं गेली म्हनतील लोकं."

मनकर्णाबाईनं शालिकरामकडं पाहिलं. शालिकराम पायाच्या अंगठ्यानं अंगणातली माती उकरत होता. "एका दिवसाचा तं सवाल हाये," तो म्हणाला.

तिला खरा लागला तो करिश्माचा शब्द. करिश्मा अमरावतीला राजापेठेत खोली करून स्पर्धा परीक्षेचे क्लास करते. आईचे निम्मे शर्ट तिनंच कापड निवडून आणलेले. ती घरी आली ती पिशवीत एक खडीकामाची साडी घेऊन. "आई, एकच दिवस नेस. दादासाठी," ती म्हणाली, आणि आईच्या डोळ्यांत न बघता साडीची घडी उलगडायला लागली. दादासाठी म्हटल्यावर मनकर्णाबाई उठली. तिनं पाचही शर्ट घडी करून पेटीत ठेवले आणि वर गोधड्या रचल्या.

पाहुण्यांच्या दिवशी तिला सहा पिना लावून ती साडी नेसवली गेली. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. खडे टोचत होते, ते एक असो; पण हात कुठं ठेवायचे हेच तिला समजेना. मांडीवर ठेवले तर परके वाटत, गुडघ्यावर ठेवले तर फोटो काढायला बसल्यासारखं. मोबाइल फळीवर राहिला होता, चष्मा कुठं ठेवला ते आठवत नव्हतं. जी बाई बाजाराच्या या टोकाहून त्या टोकाला भाव ओरडून सांगते, ती स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकवलेल्या पोत्यासारखी बसून राहिली.

पाहुणे आले. मुलीचे वडील देवमन, शांत, पांढऱ्या टोपीचे. आणि आई भागीरथाबाई, उंच, सावळी, डोळे सगळीकडं फिरणारे. पोहे झाले, विहिरीला पाणी किती ते झालं, खुशालरावांनी सात पिढ्यांचा इतिहास सांगितला. भागीरथाबाई मधूनमधून दाराकडं, अंगणाकडं बघत होती, कोणाची तरी वाट बघितल्यासारखी. शेवटी तिनं विचारलं, "पोराची माय कोनती?"

"हे काय," खुशालरावांनी हात केला. "मोठी गरीब हाये. मान वर करून बोलनार नाई कोनाशी."

भागीरथाबाईनं मनकर्णाबाईला नीट न्याहाळलं. "बाजारात तुमीच बसता का जी?"

"हो," मनकर्णाबाई पदरातून म्हणाली.

"रोज?"

"हो."

भागीरथाबाई जरा पुढं सरकली. मग म्हणाली, "तिथं एक बाई बसते. शर्टवाली. तुमच्या नात्यातली हाये का थे?"

करिश्माच्या हातातला ट्रे वाजला. देवानंदनं खुशालरावांकडं पाहिलं. शालिकराम पुन्हा अंगठ्यानं फरशी उकरायला लागला, पण फरशी कुठं उकरते? खुशालराव मात्र तयारीचे. ते हसले आणि जोरात म्हणाले, "नाई जी! असं कोनी आमच्या घरात नाई. आमचं घर इभ्रतीचं हाये."

"नाई?"

"नाई म्हंजे नाई."

"बरं," भागीरथाबाईनं पोह्यांची बशी खाली ठेवली. नवऱ्याकडं वळून म्हणाली, "चला जी. अकोटची गाडी सापडन आता."

मनकर्णाबाईच्या कानात तेच एक वाक्य वाजत होतं. असं कोनी आमच्या घरात नाई. तेहतीस वर्षं या घराचं पाणी भरलं, दोन लेकरं वाढवली, या फरशीचे पैसेसुद्धा तिच्या वांग्यांतून आले. आणि ती नाही. तिनं देवानंदकडं पाहिलं. पोराचे डोळे भरले होते. बाजारातली कुजबूज या लोकांच्या कानावर गेली, सोयरीक मोडली, हे तिला दिसत होतं. पण त्याच वेळी देवानंद उठला, तिच्याजवळ आला आणि फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "आई, खोटं बोलून मले लगन नाई कराचं."

ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. शालिकरामला वाटलं, रडायला गेली. आतून पेटीवरच्या गोधड्या पडल्याचा आवाज आला. पाहुणे अंगणात चपला घालत होते तेव्हा ती बाहेर आली. खडीकामाच्या साडीवर जांभळा शर्ट, पदर कमरेला खोचलेला, आणि बाह्यांच्या घड्या घालता घालताच ती बोलत होती.

"ओ बाई, थांबा जरा. थे शर्टवाली मीच आहो. भाऊजी खोटं बोलले. तुमाले जाचं असन तं जा, मी आडवत नाई. पन पोराले कमी समजू नका. त्यानं काही लपवलं नाई, लपवलं आमी मोठ्या मानसाइनं."

भागीरथाबाईनं एक पाय चपलेत आणि एक बाहेर अशा अवस्थेत तिच्याकडं पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग चपलेतला पाय काढला, सरळ आत आली आणि आपल्या जागेवर पुन्हा बसली.

"मंग मघा काहून नाई सांगतलं वो?" ती म्हणाली. "तुमाले पाहाले तं मी दोन गाड्या बदलून आली!"

कोणाला काही कळेना. खुशालरावांचं तोंड उघडं ते उघडंच. भागीरथाबाईनं पोह्यांची बशी पुन्हा हातात घेतली आणि सांगायला लागली. दिवाळीच्या आधी ती एकटीच अंजनगावात येऊन गेली होती. घर मागाहून बघावं, आधी माणूस बघावं, अशी तिच्या आईची शिकवण. बाजारात विचारलं तर लोकांनी शर्टवाली दाखवली. तिनं अर्धा किलो वांगी घेतली. "एक किडकं निघालं तं तुमी सोताच काढून फेकलं, मले बोलाची पाळी नाई आली. अन् थो मानूस शर्टावरून बोलला, त्याले तुमी काय म्हनलं याद हाये? म्हनलं, तुमाले पायजे का असा, शिंप्याचं दुकान दाखवतो."

मनकर्णाबाईला काही आठवत नव्हतं. असं ती रोजच कोणाला तरी म्हणत असते.

"आज आली तं इथं हे पदरातली बाई. अन् हे भाऊ म्हनतात, असं कोनी घरातच नाई. मले वाटलं, बाजारातल्या लोकाइनं मले भलतीच बाई दाखवली. मंग बसून काय करू?"

"पन शर्ट पाहून..." पाहुण्यांपुढं शालिकराम पहिल्यांदाच बोलला.

"शर्टासाठीच तं आली," भागीरथाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज जरा उतरला. "माही पायल गाडीवर अकोटले जाते. जीन घालते, कुडता घालते, मनात आलं तं साडी बी नेसते. दोन जागी सोयरीक जुळत आलती. दोन्ही घरी पयली अट एकच, लगन झालं का हे सगळं बंद. पोरगी घरी येऊन रडली. म्हने, आई, साडीशी माहं वाकडं नाई, हुकमाशी हाये. मी काय सांगू तिले? मी जलमभर हुकमानंच नेसली." देवमननं मान खाली घातली. "अन् मंग बाजारात तुमाले पाह्यलं. मले वाटलं, जिथं सासूच आपल्या मनानं राह्यते, तिथं माह्या पोरीले मन मारा लागनार नाई."

मनकर्णाबाईला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही. शर्टाच्या बाहीनंच डोळे पुसले आणि हसली, दोन्ही एकदमच. करिश्मा आईच्या पाठीमागं येऊन तिला बिलगली आणि "आई, माही चूक झाली," असं शर्टातच पुटपुटली. देवानंद तर अंगणातच जाऊन उभा राहिला. तिथून त्याची शीळ ऐकू आली, तेव्हा देवमनसुद्धा हसले. खुशालरावांनी घसा खाकरला, इभ्रतीबद्दल काही सांगावं असा विचार केला, आणि तो सोडून पोहे खाल्ले. चहा कोणी ठेवायचा हे कोणालाच सुचेना, तेव्हा शालिकराम उठला आणि स्वतःच आत गेला.

मनकर्णाबाई भागीरथाबाईच्या शेजारी मांडी घालून बसली. तिचे हात आता कुठं ठेवायचे हा प्रश्न राहिला नव्हता. एक हात विहिणीच्या हातात होता.

"पायलले सांगा," ती म्हणाली, "ह्या घरात तिले कोनी विचारनार नाई, आज काय घातलं म्हनून." मग जरा विचार करून म्हणाली, "नाई, थांबा. मी विचारीन."

भागीरथाबाईचा हात थबकला. "काय विचारान?"

"कापड कुठून आनलं म्हनून."